इथलंच ना?

वेंगुर्ल्याच्या स्टँडसमोर माझी चार टेबलं.
पाटी भाच्याने रंगवली: घावणे, आंबोळी, उसळ, चहा.
जागा पुरली नाही, म्हणून चहातला ‘हा’
जरा खाली घसरलाय.

परवा पुण्याच्या एका बाईंनी
घावण्याची जाळी उजेडात धरून विचारलं,
“सगळं इथलंच ना हो?”
मी म्हटलं, “होय तर.”
आणि ते ‘होय तर’ दिवसभर
बिडाच्या तव्याला धरलेल्या पिठासारखं
खरवडत बसले.

कारण तांदूळ पोत्यातला.
पोत्यावरची अक्षरं गोल गोल, जिलबीच्या घाण्यासारखी,
मला वाचता येत नाहीत.
आमचा कुणगा आहे की तळ्याशेजारी,
पावसात गवत, उन्हाळ्यात क्रिकेट.

माड पाच. पण पाडेली फटूचे गुडघे गेले
आणि त्याचा मुलगा गोव्यात, हॉटेलच्या दारात सलाम करतो.
माझे नारळ वरच्या वर वाळतात,
मी खाली तिपटूरचे मोजून घेते,
कानाशी हलवून, पाणी ऐकून.

काळे वाटाणे कुठल्या बंदरातून येतात
ते वाण्यालाही ठाऊक नाही.
मिरची, टोमॅटो, कोथिंबीर
निंगाप्पाच्या टेम्पोतून, आंबोली उतरून, पहाटे साडेचारला.
उरलं काय माझं?
शिरोड्याचं मीठ. विहिरीचं पाणी.
मागच्या दारचा कढीपत्ता, त्यालाही मुंग्या.

मग श्रावणात घाटात दरड आली.

पहिल्या दिवशी कंडक्टर परबांनी ताट फिरवून पाहिलं,
“टोमॅटो खय गेलो?”
“आंबोलेक अडाकलो.”
दुसऱ्या दिवशी उसळ नुसती खोबऱ्यावर.
तिसऱ्या दिवशी डबे वाजवून पाहिले,
आणि फिलूमावशीच्या गडग्यावरून हात घातला.

भोपळ्याची फुलं, दव झटकून.
शेवग्याचा पाला. टाकळा संपत आलेला, जून.
एक तवसं, अर्धं सरड्याने की उंदराने चाखलेलं,
ते कापून टाकून उरलेलं किसलं.
बिंबलं ठेचून मिरीबरोबर चटणी.
मावशी पायरीवरून म्हणाली,
“माका इचारलंस तरी?”
विचारलं नव्हतं. दोन घावणे धाडले.

परब गप्प जेवले. म्हणजे आवडलं.
एका मुलाने फूल बोटाने बाजूला काढलं
आणि टेबलाच्या फटीत कोंबलं.

चौथ्या दिवशी अकरा वाजता टेम्पो आला.
निंगाप्पाने फळका उघडला तेव्हा वास आला,
कोथिंबीर आतल्या आत उकडलेली, पिवळी.
तीन रात्री तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून निजला होता.
“बायको तोडते, अक्का, रात्री बाराला.
मोबाइलचं बॅटरी दातात धरून.”

इतकी वर्षं जुडीचा दोरा मी कात्रीने कापला.
गाठ कुणी मारली असेल
असं मनात आलं नव्हतं.

मी अर्ध्या जुड्या घेतल्या.
पूर्ण भावाने नाही, तेवढी मी चांगली नाही.
अर्ध्या भावाने, आणि वर दोन घावणे.
पहिला त्याने उभ्याने खाल्ला,
दुसऱ्याला बसला.
“ह्यात काय घातलं?”
“भोपळ्याचं फूल.”
तो हसला. “आमच्याकडं म्हशीला टाकतो की.”
मग ताटातलं शेवटचं पिवळं
बोटाने पुसून खाल्लं.

जाताना मावशीला विचारून, या वेळी विचारून,
पिशवीभर बिंबलं दिली, त्याच्या गंगव्वासाठी.
रिकामा टेम्पो खडखडत वळला.
त्या रस्त्याने माझ्याकडून काही वर गेल्याचं
मला तरी आठवत नाही.

पाटी तशीच आहे.
आता कुणी विचारलं, इथलंच ना,
तर मी म्हणते, बसा.
तवा तापायला वेळ आहे.